अर्थाची वही



ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरसाल होते, त्यांचा यथोचित परिचय अध्यक्षांनी आताच करून दिला असल्यामुळे त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. इंग्रजी शिकविण्यात ज्यांची हयात गेली त्यांच्या स्मृतीस अभिवादन करावयाचे, तर इंग्रजी शिकण्याविषयीच चार शब्द बोलावेत, हा मार्ग मला सर्वांत सरळ वाटला. निमंत्रणपत्रिकेत चालकांनी विषयाचे नाव 'इंग्रजी शब्दसंपत्ती : शिक्षणातील व नित्य व्यवहारातील' असे भारदस्त छापले आहे. ते वाचून कोणी कागद-पेन्सिल घेऊन आले असतील तर त्यांची निराशा होईल, कारण मी आज शब्द शिकविणार नाही. शब्द शिकूनही भाषा का येत नाही, आठ-दहा वर्षे इंग्रजी हा विषय घेऊन उत्तीर्ण झालेला आपला मुलगा परप्रांतातल्या एखाद्या कचेरीत पेलाभर पाणी मागताना का अडखळतो, आणि पाणी मिळाल्यावर पुढे काय बोलावे हे त्याला का सुचत नाही, एवढ्याच गोष्टीचा विचार मी आपल्यापुढे मांडणार आहे.

आरंभ वहीपासून करू. मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाने ती वही कधी ना कधी घातलेली आहे. पान मधोमध उभे दुमडायचे, डाव्या अंगास इंग्रजी शब्द, उजव्या अंगास मराठी अर्थ. मास्तर उदार असले तर मध्ये एक अरुंद रकाना उच्चारासाठी, तोही देवनागरीत. परीक्षा जवळ आली म्हणजे उजव्या रकान्यावर हाताचा पंजा ठेवून शब्द म्हणायचा, पंजा उचलून अर्थ पडताळायचा, आणि चुकलेल्या शब्दापुढे पेन्सिलीची फुली मारायची. खालच्या वर्गांत हेच काम सामुदायिक आवाजात चाले : 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर', 'आर ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर'. रस्त्याने जाणाऱ्यास कोणता तास चालू आहे हे खिडकीत न डोकावता कळे. ही पद्धत वाईट होती काय? मांजर आणि उंदीर यांच्यापुरती मुळीच नव्हती, कारण मांजर विलायतेतही मांजरच असते. परंतु त्याच वहीत चार पानांपुढे 'गेट' या क्रियापदासमोर 'मिळणे' असा अर्थ लिहिला जातो, आणि मग 'इट इज गेटिंग लेट' हे वाक्य आले की हुशार मुलगा प्रामाणिकपणे लिहितो, 'त्याला उशीर मिळत आहे'. मास्तर खाली लाल शाईची रेघ ओढतात. पण दोष कोणाचा? मुलगा तर वहीशी इमान राखून वागला!

आता याच्या उलट बाजू पाहा. जिने अशी वही आयुष्यात पाहिली नाही, जिला इंग्रजी लिपीचे एक अक्षर ओळखता येत नाही, अशी आपल्याकडची कोणतीही माउली घ्या. तिला 'फी' ठाऊक असते, 'रिझल्ट' ठाऊक असतो, 'कॉलेज', 'हॉस्टेल', 'ट्यूशन', 'ॲडमिशन', 'सर्टिफिकेट' हे सारे शब्द ठाऊक असतात, आणि ते ती बिनचूक ठिकाणी वापरते. 'पोरगं नापास झालं' असे सांगताना फारशीचा 'ना' आणि इंग्रजीचा 'पास' अशा दोन अमदानी आपण एका शब्दात नांदवीत आहोत याची तिला वार्ताही नसते. हे शब्द तिला कोणी शिकविले? फीची मुदत टळू नये म्हणून तिने हातातल्या पाटल्या सावकाराकडे ठेवल्या, ॲडमिशनसाठी ती कोणाची तरी चिठ्ठी घेऊन तालुक्याच्या गावी चार खेटे घालून आली, रिझल्टच्या दिवशी तिने देवापुढे दिवा लावला. शब्द प्रसंगाचे बोट धरून घरात आला आणि घरचा झाला. त्याचा अर्थ तिने कोणास विचारला नाही. विचारण्याची वेळच आली नाही.

माझे सांगणे या दोन चित्रांत आहे. शिक्षणखात्याचे इंग्रजी शब्द आपण जगलो, म्हणून ते निरक्षराच्याही तोंडी बसले. आणि 'बसा', 'या', 'माफ करा', 'जरा सरकता का' या योग्यतेचे नित्य व्यवहाराचे इंग्रजी आपण केवळ पाठ केले, म्हणून ते पदवीधराच्याही तोंडी बसत नाही. वास्तविक व्हावयास हवे होते याच्या उलट. घरगुती बोलणे सोपे आणि शिक्षणाची परिभाषा अवघड, असा जगभराचा क्रम. आपल्याकडे तो का फिरला?

कारणे शोधण्याआधी शिक्षणाच्या या शब्दांपाशी क्षणभर थांबू, कारण ते आपल्या घरी नुसते राहिले नाहीत, त्यांनी आपल्या घरच्या चालीही उचलल्या. विद्यार्थी कॉलेजात 'टर्म भरतो', जणू सरकारी सारा भरावा; शिक्षक 'पोर्शन' पुरा करतात; शेजारच्या मुलाने क्लास 'लावला' म्हणून आपल्याही मुलाला तो 'लावावा' लागतो; परीक्षेत पहिला आलेला पंधरा वर्षांचा मुलगा गल्लीत 'स्कॉलर' ठरतो, मग त्याने ग्रंथालयाची पायरी चढली असो वा नसो. भाषाशुद्धीचे कैवारी यावर संतापतात. मला तसा संताप येत नाही. दफ्तर, हजेरी, दाखला, शेरा, रजा हे शब्द एके काळी असेच परक्या अमलाबरोबर आले, आणि आज त्यांच्यावाचून मराठी शाळेचा एक दिवसही पार पडत नाही. ज्या शब्दाला घरात काम मिळाले तो घरचा, असा भाषेचा कायदा आहे, आणि या कायद्यापुढे पंडितांची दाद-फिर्याद चालत नाही.

अडचण येते ती हे शब्द माहेरी परत न्यावयाचे झाले म्हणजे. आपला पदवीधर अभिमानाने सांगतो, 'मी अमुक साली कॉलेजातून पास आउट झालो'. आणि इंग्रजांच्या घरगुती बोलीत 'पास आउट' होणे म्हणजे शुद्ध हरपणे असल्यामुळे ऐकणाऱ्या इंग्रज गृहस्थाच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटते. लष्करी शिक्षण संपवून छावणीतून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी हा प्रयोग तेथेही चालतो. पण आपली कॉलेजे, देवाच्या दयेने, अद्याप छावण्या झालेल्या नाहीत. 'पब्लिक स्कूल' म्हटले की आपल्याला सार्वजनिक शाळा डोळ्यांपुढे येते. इंग्लंडात ज्या ईटन आणि हॅरोला हे नाव आहे त्या मोठी फी घेणाऱ्या खाजगी शाळा होत. आणि परीक्षेचे काय? आपल्याकडे गुरू परीक्षा घेतो व शिष्य ती देतो. इंग्रजीत शिष्यच परीक्षा 'टेक' करतो, आणि 'गिव्ह' करणारा कोणी असलाच तर तो गुरू. आपला विद्यार्थी 'आय गेव्ह द एक्झॅमिनेशन' म्हणतो तेव्हा तो नकळत परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. येथे एकही शब्द अवघड नाही. 'गिव्ह' म्हणजे देणे हे तर पहिल्या पानावरच लिहिलेले असते. वहीत अर्थ बरोबर, वाक्यात घोटाळा! कारण कोण देतो आणि कोण घेतो ही गोष्ट शब्दार्थाच्या रकान्यात मावत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा क्रम का फिरला? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनसाहेबांच्या कारकिर्दीत, १८२२ साली, शाळा आणि शाळापुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली, तेव्हा भर देशी भाषांवर होता. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी गणितापासून बाळबोध गोष्टींपर्यंत पुस्तके मराठीत करविली व केली. १८३५ साली कलकत्त्यात मेकॉलेचे टिपण झाले, तरी आपल्या इलाख्यात निकाल तेवढ्यावर लागला नाही. पुढे शिक्षणमंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरून बसले आणि जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट मातृभाषेचा. १८४७ च्या सुमारास हा वाद ऐन रंगात होता. सरशी शेवटी इंग्रजीची झाली, आणि १८५७ साली मुंबईस विश्वविद्यालय आले, १८५९ साली पहिली प्रवेशपरीक्षा झाली. 'मॅट्रिक' हा शब्द येथून पुढे महाराष्ट्राच्या प्रत्येक आळीत शिरला. मुलगी देताना स्थळ मॅट्रिक आहे की नाही हे पाहू लागले, यावरून त्या शब्दाची मातबरी ध्यानात यावी.

म्हणजे इंग्रजी आपल्याकडे पाहुणचाराच्या ओटीवर आली नाही, ती कचेरीच्या दारातून आली. शिकणाऱ्याला इंग्रजाशी गप्पा मारावयाच्या नव्हत्या. त्याला इंग्रजाकडे अर्ज करावयाचा होता. या कामाची आपल्याला जुनी सवय होती. पेशवाईतला कारकून मोडीबरोबर मायने पाठ करी : थोरामोठ्यांस काय लिहावे, बरोबरीच्यास काय, 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति विशेष' कोठे घालावे, हे सारे ठरलेले असे, आणि त्यासाठी मेस्तके, म्हणजे पत्रलेखनाच्या नमुन्यांची पुस्तके, होती. त्याच कारकुनाच्या नातवाने 'आय बेग टु स्टेट' आणि 'युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' हे नवे मायने तितक्याच तत्परतेने मुखोद्गत केले. मालक बदलला, भाषा बदलली, मायना राहिला. तापाने आजारी असल्याबद्दल रजेचा इंग्रजी अर्ज आपल्यापैकी कोणाला झोपेतही लिहिता येणार नाही? परंतु ताप आल्याचे शेजाऱ्याला इंग्रजीत सांगावयाचे झाले, तर तोच गृहस्थ 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर' म्हणतो, जणू तो शेजाऱ्याकडेच रजा मागत आहे.

येथे कोणी असे समजू नये की मी त्या काळच्या लोकांना हसतो आहे. 'निबंधमाला' लिहिणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरीवर लाथ मारून १८८० साली स्वतःची शाळा काढतात आणि तिचे नाव 'न्यू इंग्लिश स्कूल' ठेवतात, यात जे विसंगती पाहतात त्यांना त्या पिढीची भूक कळलेली नाही. पुढल्याच वर्षी त्या मंडळींनी 'केसरी' मराठीत आणि 'मराठा' इंग्रजीत काढला. त्यांच्याही आधी, १८५४ सालच्या 'काव्यफुले' या संग्रहात, सावित्रीबाई फुल्यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला. ज्यांना संस्कृताचे दार बंद होते त्यांना हे नवे दार उघडे दिसत होते. या सर्वांचे इंग्रजी अस्सल होते, कारण त्यांना इंग्रजीत काही सांगावयाचे होते, भांडावयाचे होते. त्यांच्यामागून आलेल्या आपण मात्र त्यांची भूक घेतली नाही, त्यांची वही तेवढी घेतली.

आता शब्दांच्या एका विचित्र स्वभावाकडे लक्ष वेधतो. सामान्य समजूत अशी की मोठा शब्द अवघड व लहान शब्द सोपा. परक्या माणसाचा अनुभव नेमका याच्या विरुद्ध आहे. 'युनिव्हर्सिटी', 'एक्झॅमिनेशन', 'कॉन्स्टिट्यूशन' हे लांबलचक शब्द एकदा पाठ केले की जन्मभर इमाने सेवा करतात. त्यांचा अर्थ एक, स्थान ठरलेले. खरे दांडगे ते 'गेट', 'पुट', 'टेक', 'गो', 'मेक'. सी. के. ऑग्डेन या इंग्रज विद्वानाने १९३० साली ८५० शब्दांचे 'बेसिक इंग्लिश' मांडले आणि क्रियापदे अवघ्या १८ वर आणली. केवढी सोय! ८५० शब्द तर आपल्या दोन वह्यांत बसतील. परंतु क्रियापदांना काट दिली की त्यांचे सगळे काम या १८ जणांच्या गळ्यात पडते, आणि मग 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे, 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आउट' म्हणजे विझविणे, 'पुट अप विथ' म्हणजे निमूट सोसणे, असा संसार सुरू होतो. शब्दांची संख्या घटते, शिकावयाचे ओझे घटत नाही.

हे इंग्रजीचेच वैगुण्य आहे असे समजून आपण हसू लागलो, तर एखादा परदेशी मराठी शिकताना आपल्याला एकच प्रश्न विचारील : 'लागणे' म्हणजे काय? सांगा, काय उत्तर द्याल? भूक लागते, ठेच लागते, आग लागते, डोळा लागतो, झाडाला फळ लागते, मुलाला नोकरी लागते, नोकरी लागली की नाद लागतो, परीक्षेचा निकाल लागतो, आणि कधी कधी वाटही लागते. आपण यांतले एकही वहीत लिहून पाठ केले नाही. ठेच लागली तेव्हा आईने तोंडातून शब्द काढला, आणि अंगठ्याची कळ व तो शब्द ही जोडी आपल्याकडे कायमची आली. 'लागणे' शिकण्याची दुसरी कोणती रीत आहे काय?

हे ज्यांच्या ध्यानात आले ते लोक विलायतेत बसलेले विद्वान नव्हते. ते परक्या मुलांना शिकविणारे मास्तर होते, आणि म्हणून मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो. मायकेल वेस्ट ढाक्यास शिक्षकांच्या विद्यालयावर होते. बंगाली मुले पुस्तकी शब्दांच्या ढिगाखाली दबून जातात हे पाहून, मुलांना खरोखर भेटणारे शब्द आधी आणि विरळा भेटणारे नंतर, असा क्रम लावून त्यांनी वाचनमाला रचल्या. १९५३ साली त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली व जगभर वापरली गेली. ए. एस. हॉर्नबी जपानात शिकवीत. तेथे त्यांनी तयार केलेला कोश १९४२ साली तोक्योत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. आज आपल्या मुलांच्या टेबलावर जो जाडजूड 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' असतो त्याचे हे मूळ. या कोशाची खुबी कोणती? शब्दाचा अर्थ तर कोणताही कोश देतो. हॉर्नबींनी प्रत्येक क्रियापद वाक्यात कोणाच्या शेजारी कसे बसते हे नमुने घालून दाखविले आणि उदाहरणे दिली. आपण हा कोश विकत घेतो, आणि त्यातून अर्थ तेवढा उतरवून घेऊन उदाहरणे तशीच सोडतो. साल ठेवून केळे टाकण्याचा हा प्रकार आहे.

तिसरा मुद्दा सौजन्याचा. आणि हा मला सर्वांत नाजूक वाटतो, कारण येथे चूक झाली तर गुण जात नाहीत, माणूस जातो. मराठीत आपले सौजन्य कोठे राहते? ते क्रियापदाच्या शेपटीत राहते. 'पाणी दे', 'पाणी द्या', 'पाणी देता का', 'पाणी द्यावे' : एका शेपटीने वय, नाते, हुद्दा, जवळीक सारे सांगून टाकले, दुसरा शब्द खर्ची पडला नाही. म्हणूनच आपण घरात आभार मानीत नाही. आईने ताट वाढले आणि मुलगा 'आभारी आहे' म्हणाला, तर आईला वाटेल की याचे काहीतरी बिनसले आहे. आभार सभेच्या शेवटी मानावयाचे असतात, आणि तेही चिटणिसांनी. आता हाच मुलगा इंग्रजीत 'गिव्ह मी वॉटर' म्हणतो. त्याच्या मनात 'द्या' आहे, पूर्ण आदरासहित. परंतु इंग्रजी क्रियापदाला शेपटी नसल्यामुळे तो आदर दाराबाहेरच राहतो आणि आत जातो तो नुसता हुकूम. इंग्रज आपले सौजन्य वळणाच्या वाटेने नेतो : 'कुड यू', 'वुड यू', 'आय वंडर इफ'. तो मागतो असे दिसू देत नाही, विचारतो असे दाखवितो. त्यातही 'वुड यू माइंड' हा तर साक्षात चकवा. 'खिडकी उघडल्यास आपली काही हरकत?' असा तो प्रश्न असल्याने संमती द्यावयाची तर 'नो' म्हणावे लागते. आणि आपला सज्जन मनुष्य मदतीच्या उत्साहात 'येस, येस' म्हणून खिडकी उघडायला उठतो!

'हाउ डू यू डू' हा प्रश्नच नव्हे, त्याचे उत्तर 'हाउ डू यू डू' हेच, हे सांगितले की आपले विद्यार्थी हसतात. पण आपण तरी 'काय, जेवण झालं का?' असे दुपारी रस्त्यात विचारतो तेव्हा समोरच्याने आमटीपासून ताकापर्यंत हकीगत सांगावी अशी अपेक्षा असते काय? आणि निरोप घेताना 'जातो' म्हणणे अशुभ म्हणून आपण 'येतो' म्हणतो. तेच वळण घेऊन एखादा विद्यार्थी इंग्रज प्राध्यापकाच्या खोलीतून 'आय विल कम, सर' म्हणत बाहेर पडला, तर प्राध्यापक बिचारा त्याची वाट पाहत बसेल. अशा बोलण्यांना अर्थ नसतोच, त्यांना वेळ असते. आणि वेळ कळावी लागते ती माणसांत.

माणसांत इंग्रजी शिकणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे, आणि ते मी मुद्दाम सावकाश सांगणार आहे. १८६५ साली कल्याणास जन्मलेल्या आनंदीबाई जोशी. पती गोपाळराव टपालखात्यात नोकरीस. बदली होईल तिकडे बिऱ्हाड : अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. गोपाळरावांचा शिकविण्याचा खाक्या कडक होता, आणि मुंबईत काही काळ मिशनच्या शाळेतही आनंदीबाई गेल्या. परंतु त्यांच्या इंग्रजीला जीव आला तो एका योगायोगाने. पत्नीला अमेरिकेत शिकविण्याविषयी गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला पत्र लिहिले, ते पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आले, आणि न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याच्या दिवाणखान्यात वाट पाहत असताना ते वाचले. १८८० साली त्यांनी या अनोळखी हिंदू मुलीस पत्र घातले. तेथून तीन वर्षे ही पत्रे समुद्रावरून जात-येत राहिली.

त्या पत्रांत काय होते? पंधरा वर्षांच्या मुलीला परक्या बाईस आपले घर समजावून सांगावयाचे होते : आमच्याकडे लग्ने कशी होतात, बायका कोठे जातात व कोठे जात नाहीत, आमच्या चालीरीती कोणत्या, प्रकृती कशी आहे. ही प्रकृती पुढे आजन्म त्यांची वैरीण झाली, आणि कार्पेंटरबाई अमेरिकेहून औषध पाठवीत. विचार करा, हे सारे लिहिताना कोणत्या वहीने साथ दिली असती? रजेच्या अर्जातला ताप येथे चालणार नव्हता. येथे डोके कसे दुखते ते सांगावयाचे होते, आणि ते वाचून पलीकडचे माणूस काळजीत पडणार होते. अशा वेळी शब्द शोधला जातो, आणि शोधलेला शब्द विसरला जात नाही. आणखी एक गोष्ट पाहा. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी मानीत आणि पत्रात 'आंट' म्हणूनच संबोधीत. इंग्रजी रिवाजाने 'मिसेस कार्पेंटर' म्हणणे निर्दोष झाले असते. परंतु जिच्याशी मनातले बोलावयाचे तिला नात्याचे नाव हवे, ही आपली रीत त्यांनी इंग्रजीत नेली, आणि इंग्रजीने ती मुकाट्याने पत्करली. परक्याच्या घरी आपल्या पावलांनी कसे चालावे, हे त्या मुलीला कोणी शिकविले नव्हते.

१८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने भरसभेत उभे राहून, आपण अमेरिकेस का जात आहोत, हे इंग्रजीत सांगितले. वय अठराही पुरे नव्हते. एप्रिलात गलबत सुटले, जूनमध्ये ती न्यूयॉर्कला उतरली, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी तिने एम. डी. ची पदवी घेतली. क्रम लक्षात घ्या. आधी डोकेदुखी, चालीरीती, मावशी, मग सभा, आणि सर्वांत शेवटी शास्त्र. आपल्या शाळेत हा क्रम पायापासून उलटा आहे.

पण ज्याला रोझेलची मावशी नाही त्याने काय करावे? हा प्रश्न रास्त आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून ठेवण्याचे धोरण आले, पुढे महाराष्ट्रात ती पाचवीपासून झाली, आणि २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून. प्रत्येक वेळी वाद झाला तो कोणत्या इयत्तेपासून यावर. कोणत्या प्रसंगापासून यावर नाही. पहिलीतले मूल 'गुऽड मॉऽर्निंग, टीऽचर' हे इतक्या लांब सुरात म्हणते की टीचर खुर्चीवर बसून हजेरीपट उघडेपर्यंत ते संपत नाही. आणि तेच मूल दुपारी बाई पुन्हा वर्गात आल्या तरी 'मॉर्निंग'च म्हणते. त्याला रागावून उपयोग नाही. त्याच्या दृष्टीने ती सकाळ नव्हेच, ती प्रार्थना आहे.

माझ्या सूचना बिनखर्चाच्या आहेत. वही जाळू नका. अर्थाशेजारी आणखी एक रकाना आखा, आणि हा शब्द कोणी, कोणाला, केव्हा म्हटला, हे त्यात लिहा. 'पुट अप विथ' हा शब्द बाळंतपणाला आलेल्या नणंदेच्या पोरांविषयी आईच्या मनात काय चालले आहे त्याशेजारी लिहिला, तर तो कोणत्याही विद्यार्थ्याला जन्मभर पुरेल. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेला आज नाके मुरडली जातात; परंतु तिने एक गोष्ट बरोबर केली होती : सुटा शब्द हाती देऊन ती थांबत नसे, दोन्ही दिशांनी वाक्ये करवून घेई. तिच्यातली वाक्ये जुनी झाली असतील तर ती बदला. रीत टाकू नका. आणि १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले ते एका स्तंभात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी असे. वाचणाऱ्याची नजर इकडून तिकडे जाई, आणि दोन्ही भाषा एकाच बातमीविषयी बोलत. शाळेच्या भिंतीवर असे एक दुस्तंभी पत्रक आठवड्यास लावायला कोणत्या खात्याची मंजुरी लागते? गावात नळाला पाणी आले नाही, ही बातमी मुलांना दोन्ही भाषांत लिहू द्या. तक्रार करावयाची असली म्हणजे भाषा लवकर येते.

राहिली गोष्ट तोंडी परीक्षेची. शालान्त परीक्षेत भाषांना वीस गुण तोंडी कामासाठी ठेवण्याची कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काय चालते, हे येथे बसलेल्या शिक्षकबंधूंना मी सांगावयास नको : कोणते पाच प्रश्न विचारले जाणार ते आदल्या आठवड्यात वर्गात सांगितले जातात, त्यांची उत्तरे वहीत उतरवून दिली जातात, आणि मुलगा परीक्षकासमोर उभा राहून 'माय हॉबी इज रीडिंग' असे सांगतो, मग त्याला गोट्यांखेरीज दुसरा नाद नसो. मी त्या परीक्षकाच्या जागी असतो तर पाचांतला एकही प्रश्न विचारला नसता. त्याला गोट्यांचा डाव कसा मांडतात ते विचारले असते, आणि तो सांगताना जिथे अडला असता तिथे पाहिजे तो शब्द त्याच्या हाती दिला असता. यापुढे बोलण्यास अध्यक्षांची परवानगी दिसत नाही. आणि प्रश्नोत्तरांत कोणाला इंग्रजीत विचारावेसे वाटले, तर 'वुड यू माइंड' असा आरंभ करावा, मी 'नो' म्हणेन.